जेड गुडीच्या पुस्तकांच्या निमित्ताने

२ फेब्रुवारी २०२४. शुक्रवार होता आणि प्रभूच्या समर्पणाचा सण होता. नवापूर तालुक्यातील एका लहानशा धर्मग्रामात संध्याकाळच्या मिस्सानंतर आशीर्वादित मेणबत्त्या पदराआड धरून काही स्त्रिया चर्चच्या पायऱ्यांवर रेंगाळल्या होत्या. वारा होता, आणि ज्योत न विझता घरापर्यंत नेण्याची हौस प्रत्येकीला होती. तेवढ्यात महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली, की पूनम पांडे नावाची नटी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारली. नटीचे नाव बहुतेकींना ठाऊक नव्हते. ‘टीव्हीवरची होती’ एवढ्याच ओळखीवर एका आजीबाईंनी क्रूसाची खूण केली आणि मृतात्म्यासाठी प्रार्थना सुरू केली. बाकीच्यांनी ती पुरी केली. मग त्या मुलीच्या मावशीने, पंचेचाळिशीच्या आसपासच्या एका बाईने, हलक्या आवाजात तिला विचारले, “त्यात आधी काय काय होतं गं?” मुलीने पडद्यावर पाहून लक्षणे वाचली. अवेळी रक्तस्राव, अंगावरून जाणे, कंबरेत दुखणे. मावशी काही बोलली नाही. तिने हातातली मेणबत्ती विझू दिली, एवढे आमच्या लक्षात राहिले.

दुसऱ्या दिवशी ती नटी स्वतःच कॅमेऱ्यासमोर आली. ती जिवंत होती. या रोगाविषयी लोकांत जागृती व्हावी म्हणून आपण मरणाची बातमी पसरवली, असे तिने सांगितले. रविवारी त्याच पायऱ्यांवर त्याच गोष्टीवर हसणे चालले होते. मावशीही हसली आणि हात झटकून म्हणाली, “सगळं खोटंच निघालं. तो रोगही तसाच असेल.”

या एका वाक्यामुळे आम्ही हा लेख लिहावयास बसलो आहोत.

त्या आठवड्यात वृत्तपत्रांच्या व वाहिन्यांच्या भोळेपणावर पुष्कळ टीका झाली, आणि ती योग्यच होती. आमचे म्हणणे मात्र थोडे निराळे आहे. त्याच्या साडेपंधरा वर्षे आधी याच महाराष्ट्रात, याच रोगाच्या बाबतीत, दूरचित्रवाणीवरच्याच एका स्त्रीविषयी नेमके उलट घडले होते. तेव्हा बातमी खरी होती आणि अनेकांनी ती खोटी ठरवली होती. एकदा अविश्वास आणि एकदा अतिविश्वास! वरवर पाहता ही दोन टोके वाटतात. पण ती एकाच काठीची आहेत असे आम्हाला वाटू लागले, ते त्या पहिल्या स्त्रीची पुस्तके वाचल्यानंतर. तिचे नाव जेड गुडी.

जेडचा जन्म ५ जून १९८१ रोजी लंडनच्या बर्मंडसी या कष्टकरी वस्तीत झाला. वडील हेरॉइनच्या व्यसनात बुडालेले आणि तुरुंगात ये-जा करणारे. आईचा एक हात मोटारसायकलच्या अपघातात निकामी झालेला. आईची देखभाल या मुलीनेच लहानपणापासून केली. पुढे ती दंतवैद्याकडे मदतनीस म्हणून काम करू लागली. २००२ साली ‘बिग ब्रदर’ या कार्यक्रमात तिची निवड झाली. अनोळखी माणसांना एका घरात कोंडून त्यांचे उठणे-बसणे, रडणे-भांडणे चोवीस तास दाखवायचे, असा हा खेळ आपल्याकडे ‘बिग बॉस’ या नावाने घरोघरी पोहोचला आहे. त्या घरात जेडने आपल्या अज्ञानाचे जे प्रदर्शन केले त्यावर सारा इंग्लंड हसला. स्वतःच्या देशातला ईस्ट अँग्लिया हा प्रदेश परदेशात आहे अशी तिची समजूत होती. तिच्या शरीरावरून, बोलण्यावरून लोकप्रिय दैनिकांनी तिला जनावराच्या उपमा दिल्या. आणि ती चौथ्या क्रमांकावर घराबाहेर पडली तेव्हा त्याच दैनिकांनी तिला डोक्यावर घेतले, कारण तिचे छायाचित्र छापले की अंक खपत असे.

‘जेड : माय ऑटोबायोग्राफी’ हे तिचे पहिले पुस्तक २००६ साली निघाले. तेव्हा ती पंचविशीच्या आसपास होती. पंचविशीत आत्मचरित्र! आमच्या पिढीच्या वाचकाला हे ऐकूनच हसू येते. आपल्याकडे माणूस निवृत्त झाला, दात पडले, की मग आठवणी लिहावयास बसतो. असो. जानेवारी २००७ मध्ये ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’च्या घरात शिल्पा शेट्टीशी तिचे वर्तन असे घडले, की वंशद्वेषाच्या आरोपाने दोन देश खवळले. ब्रिटनच्या प्रसारण नियामकाकडे ४०,०००हून अधिक तक्रारी गेल्या. पाटण्यात आयोजकांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या. त्या वेळी भारतभेटीवर असलेले अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांना आपल्या दौऱ्यात या प्रश्नाची उत्तरे देत फिरावे लागले. जेडने माफी मागितली. पण तिच्या नावाचे अत्तर दुकानांतून काढले गेले आणि तिच्या आत्मचरित्राची स्वस्त आवृत्ती प्रकाशकाने रोखली. काही महिन्यांपूर्वी ज्या आयुष्याला बाजारात किंमत होती तेच आयुष्य आता कोणालाही नको होते. पुस्तकातला मजकूर तोच होता. म्हणजे विकले जात होते ते पुस्तक नव्हेच, हे प्रकाशकाने स्वतःच्या कृतीने कबूल केले, असा आम्ही याचा अर्थ करतो.

ऑगस्ट २००८ मध्ये हीच जेड लोणावळ्यास आली. ‘बिग बॉस’चे दुसरे पर्व तेथे उभारलेल्या घरात सुरू होत होते आणि सूत्रसंचालन करणार होती खुद्द शिल्पा शेट्टी. अपमान करणारी अपमानितेच्या दारी आली, हा प्रसंग वाहिनीला हवाच होता. जेडलाही हरवलेली पत परत हवी होती. त्यात लबाडी होती असे म्हणा, पश्चात्ताप होता असे म्हणा; मनुष्याच्या मनात या दोन गोष्टी बहुधा एकत्रच नांदतात, हे पापनिवेदनाच्या खुर्चीत बसणारा कोणताही धर्मगुरू सांगेल. घरात शिरून दोन दिवस होतात न होतात तोच इंग्लंडहून तपासणीचा निकाल आला. कॅमेऱ्यांनी वेढलेल्या त्या घरातच तिला सांगण्यात आले, की तुला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. ती तातडीने मायदेशी परतली.

आणि पहिली प्रतिक्रिया काय उमटली? हा प्रसिद्धीचा स्टंट आहे! तिकडेही हेच, इकडेही हेच. चहाच्या टपरीपासून वृत्तपत्रांच्या स्तंभांपर्यंत सहानुभूतीबरोबर संशयाचा सूर होता. जी बाई आपले बालपण विकते, भांडण विकते, माफीसुद्धा विकते, ती आजार का विकणार नाही, असा तो हिशेब होता. तो अगदीच मूर्खपणाचा नव्हता, आणि म्हणूनच त्याकडे नीट पाहिले पाहिजे. लोकांना फसवून फसवून या धंद्याने त्यांना शहाणे केले होते. फक्त ते शहाणपण चुकीच्या जागी खर्च झाले.

आता पुस्तकांविषयी. पहिल्या पुस्तकाला वाङ्मयीन मूल्य शोधू नये. अशी पुस्तके बहुधा सांगितलेली असतात, लिहिलेली नसतात. ध्वनिमुद्रक समोर ठेवून बोललेल्या आयुष्याला कोणीतरी प्रकरणे पाडून देतो. प्रकरणेही अशी, की प्रत्येकातून रविवारच्या पुरवणीला एक मथळा मिळावा. तरीही त्यात बर्मंडसीतले बालपण येते तेथे वाचक थबकतो. व्यसनी आईबापांचे मूल घरातले मोठे माणूस कसे बनते, हे आपल्या वस्त्यांतही आपण पाहतोच.

मराठी ख्रिस्ती वाचकाला येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण व्हावी यात नवल नाही. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण असे झालेच नव्हते. १९३४ सालापासून भागाभागाने बाहेर आलेल्या ‘स्मृतिचित्रां’त त्यांनी आपल्या अज्ञानाच्या गोष्टी किती खुसखुशीतपणे सांगितल्या आहेत! स्वतःवर हसण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. जेडच्या बाबतीत तो हक्क आधीच विकला गेला होता. तिच्या अडाणीपणावर आधी देश हसला, नंतर त्या हसण्याचे पुस्तक झाले. दोन्ही स्त्रियांनी आपले घरगुती आयुष्य उघडे केले; पण लक्ष्मीबाईंच्या दारात छायाचित्रकार उभे नव्हते, आणि उद्याच्या अंकाला रडणे हवे म्हणून त्यांना रडावे लागले नाही. ही तुलना जेडला लहान करण्यासाठी आम्ही करीत नाही. न शिकलेल्या बाईचे सांगणे ऐकण्यासारखे असते, हे मराठीला लक्ष्मीबाईंनी शिकवले. म्हणूनच जेडचे पुस्तक केवळ कचरा म्हणून बाजूस सारण्यास आमचे मन घेईना.

२००८ साली ‘कॅच अ फॉलिंग स्टार’ हे दुसरे आत्मकथन आले. दोन वर्षांत दोन आत्मचरित्रे! त्याविषयी फार न बोललेले बरे. शिल्पा शेट्टी प्रकरणाची बाजू मांडण्याची घाई त्यात अधिक आहे. तिसरे पुस्तक ‘फॉरएव्हर इन माय हार्ट’ तिच्या मृत्यूनंतर २००९ सालीच प्रसिद्ध झाले. आजाराच्या महिन्यांचे हे टिपण आहे. त्यातही छायाचित्रे आहेत, त्यातही बाजार आहे. पण येथे प्रथमच वाक्यांमागचे माणूस दिसू लागते. दोन लहान मुलांना आपण नसणार हे कसे सांगावे, या प्रश्नापाशी कोणत्याही प्रसिद्धी-दलालाचे काही चालत नाही. या पुस्तकाची समीक्षा करताना भाषेचे, रचनेचे निकष आम्ही लावून पाहिले. ते लागत नाहीत. साक्ष म्हणूनच ते वाचावे लागते, आणि साक्षीला एकच प्रश्न विचारायचा असतो, खरी की खोटी.

ती खरी होती. तपासणीत दोष आढळल्याचे पत्र पूर्वी येऊनही आपण त्याकडे दुर्लक्ष केले होते, हे तिने उघड सांगितले. फेब्रुवारी २००९ मध्ये डॉक्टरांनी आशा सोडली. २२ फेब्रुवारीस तिने लग्न केले आणि त्या सोहळ्याचे हक्क एका साप्ताहिकाला व एका वाहिनीला विकले. मुलांच्या शिक्षणासाठी पैसा हवा, हे तिने लपवले नाही. मार्चमध्ये रॉयल मार्सडेन रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात तिने आपल्या दोन्ही मुलांसह स्नानसंस्कार घेतला. बरोबर एका महिन्याने, २२ मार्च २००९ रोजी, तिला मरण आले. उपवासकाळातला तो चौथा रविवार होता; इंग्लंडमध्ये त्या दिवशी मातृदिन पाळतात. तिचे वय २७ होते.

तिच्या मृत्यूच्या पाच दिवस आधी काय घडले ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘ओके!’ या साप्ताहिकाने काळ्या चौकटीत, जन्माचे आणि मृत्यूचे साल छापून, तिचा श्रद्धांजली विशेषांक विक्रीस काढला. बाई अजून श्वास घेत होती. घाई कसली होती? दुसरा कोणी आधी छापील याची. मृत्यू हीदेखील पहिल्यांदा देण्याची बातमी ठरली, की मरणाऱ्याने थोडा उशीर लावणे हा त्याचा गुन्हा होतो.

जेडच्या अखेरच्या महिन्यांत तिच्या प्रसिद्धीची व्यवस्था मॅक्स क्लिफर्ड पाहत असे. या गृहस्थाचा एक जुना पराक्रम सांगण्यासारखा आहे. १३ मार्च १९८६ रोजी लंडनच्या ‘द सन’ या दैनिकाने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापले, की फ्रेडी स्टार या दूरचित्रवाणीवरील विनोदी नटाने एका बाईचा पाळीव हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा एक लहान प्राणी, पावात घालून खाल्ला. असे काही घडलेच नव्हते. क्लिफर्ड तेव्हा स्टारचा प्रसिद्धीप्रमुख होता. बातमी नाकारण्याऐवजी त्याने ती छापू दिली, कारण नटाचा दौरा तोंडावर होता. आणि तिकिटे खपली, हे त्याने पुढे स्वतःच अभिमानाने सांगितले. येथे फसले कोण? दैनिक फसले म्हणावे, तर त्याचा खप वाढला. नट फसला म्हणावे, तर त्याची नाट्यगृहे भरली. भोळेपणा ही अशा वेळी दुर्बलता नसते. तो एक सोयीचा करार असतो. दैनिक विचारीत नाही, दलाल सांगत नाही, आणि दोघांनाही त्यात फायदा असतो. (हा क्लिफर्ड पुढे २०१४ साली स्त्रियांवरील अत्याचारांबद्दल दोषी ठरला आणि २०१७ साली शिक्षा भोगत असतानाच मेला. त्याच्यावर मात्र त्याला हवे तसे मथळे आले नाहीत.)

मग २०२४ची बातमी पाहावी. पूनम पांडेच्या मृत्यूची खबर इन्स्टाग्रामवरील तिच्याच खात्यावर आली. रुग्णालयाचे नाव नव्हते. डॉक्टरांचे निवेदन नव्हते. अंत्यविधी कोठे, केव्हा, कोण करणार, काही नव्हते. काही दिवसांपूर्वीपर्यंत ती चित्रफितींत हसतखेळत दिसत होती. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा विषाणूच्या लागणीपासून वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारा रोग आहे. तो विजेसारखा कोसळत नाही. वार्ताहराने एखाद्या डॉक्टरांना एक फोन केला असता तरी हे कळले असते. गावातील कोणी वारल्याचे कळले तर आपला साधा माणूस पहिला प्रश्न विचारतो, “माती कधी आहे?” हा प्रश्न देशातल्या मोठमोठ्या वृत्तकक्षांना सुचला नाही, किंवा सुचला तरी उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नव्हता. ‘ओके!’चा काळ्या चौकटीचा अंक आणि ही बातमी यांचा कारखाना एकच आहे.

पुढचे तर अधिक उद्बोधक. खोटेपणा उघड झाल्यावर संबंधित जाहिरातसंस्थेने माफी मागितली. नाशिक पदवीधर मतदारसंघाचे, म्हणजे आमच्या नंदुरबारसह पाच जिल्ह्यांच्या पदवीधरांचे, आमदार सत्यजीत तांबे यांनी कारवाईची मागणी केली. पण फसलेली वृत्तपत्रे शहाणी झाली म्हणावे तर तसेही नाही. चार-पाच दिवसांतच दुसरी बातमी फिरली, की याच नटीला केंद्र सरकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मोहिमेची सदिच्छादूत नेमणार आहे. आरोग्य मंत्रालयाला ७ फेब्रुवारीस खुलासा करावा लागला, की असा कोणताही विचार नाही. एका अफवेच्या राखेतून दुसरी अफवा उगवली, आणि तीही छापली गेली.

या प्रकाराचे समर्थन करणारे म्हणाले, की हेतू चांगला होता, लोकांनी त्या दोन दिवसांत या रोगाची माहिती शोधली, हे काय वाईट झाले? प्रश्न गंभीर आहे, आणि जेडचे उदाहरण त्याला बळ देते असेही कोणी म्हणेल. तिच्या आजाराच्या वर्षात, २००८च्या मध्यापासून २००९च्या मध्यापर्यंत, इंग्लंडमध्ये या रोगाच्या तपासणीसाठी नेहमीपेक्षा जवळजवळ ५ लाख अधिक स्त्रिया आल्या, असे पुढच्या अभ्यासात दिसून आले. ज्या प्रसिद्धीयंत्राची आम्ही एवढी निंदा केली, त्याच यंत्राने हे घडवले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या स्त्रिया आल्या त्या एका मरणाऱ्या बाईचे खरे बोलणे ऐकून. चांगले व्हावे म्हणून वाईट करावे काय, या प्रश्नाला संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात केव्हाच उत्तर दिले आहे. आणि व्यवहार पाहिला तरी हिशेब जुळत नाही. खोट्या मरणाने दोन दिवस कुतूहल वाढले असेल. तिसऱ्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर त्याचे काय झाले ते आम्ही पाहिले आहे.

आकडे पाहिले म्हणजे या हसण्याचा अर्थ उमगतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला या रोगाचे सुमारे १,२७,००० नवे रुग्ण होतात आणि ८०,०००च्या जवळपास स्त्रिया दगावतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी या रोगाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया शंभरात दोनही भरल्या नाहीत. अक्राणीच्या डोंगरातील पाड्यावरून तालुक्याच्या गावी यायचे तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. आणि दुखणे ज्या जागेचे आहे ते घरातल्या पुरुषाला सांगण्याचीच चोरी.

आणि या विषयावरची खरी, मोठी बातमी तर महाराष्ट्राच्याच खेड्यांत घडली होती. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. विषाणूची एकच तपासणी केली तरी पुढच्या आठ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे त्यातून दिसले. हा निष्कर्ष अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात २ एप्रिल २००९ रोजी प्रसिद्ध झाला. जेडचा दफनविधी ४ एप्रिलला होता. त्या आठवड्यात जेडची शवपेटी आमच्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आम्ही पाहिली. धाराशिवच्या बायांविषयी मात्र काही वाचल्याचे आम्हाला आठवत नाही. त्या अभ्यासावर पुढे नैतिक आक्षेपही आले, कारण तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांची तपासणी झाली नव्हती. तो वादसुद्धा बातमीचाच विषय होता. पण त्यात नटी नव्हती.

संशयाला इतिहास असतो, हेही विसरून चालणार नाही. २००९ साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत या विषाणूच्या लशीचा प्रकल्प राबवला गेला. खम्ममच्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या. मुलींच्या काही मृत्यूंनंतर २०१० मध्ये काम थांबले. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, पण संमतीच्या बाबतीतला हलगर्जीपणा सिद्ध झाला. आदिवासी माणसाने लशीविषयी प्रश्न विचारला तर त्याला अडाणी म्हणून गप्प करू नये. १ फेब्रुवारी २०२४ रोजी अर्थमंत्र्यांनी अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींना ही लस देण्यास उत्तेजन देऊ, असे जाहीर केले होते. या घोषणेवर गावोगावी खरी चर्चा व्हावयास हवी होती. दुसऱ्याच दिवशी ते खोटे मरण आले आणि चर्चा त्याचीच झाली.

आपणही या दोषातून मुक्त नाही, हे कबूल केले पाहिजे. पूर्वी संत युदाच्या नावाने साखळीपत्रे येत. नऊ प्रती काढा, नाहीतर अरिष्ट येईल. आता तीच पत्रे मोबाइलवर येतात. परमगुरूंच्या नावाने वाटेल ती वाक्ये फिरतात, आणि धर्मग्रामाच्या गटावर ती टाकणारा बहुधा आपल्यातलाच एखादा भाविक असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ सालच्या संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात खोट्या बातमीचे मूळ एदेन बागेतील सर्पापर्यंत नेऊन दाखवले होते. तो संदेश किती गटांवर फिरला, कोण जाणे. अफवेने काय होते, हे आमच्या भागाला दुसऱ्याने सांगण्याची गरज नाही. नवापूरला लागून असलेल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याच्या आठवडे बाजारात १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी समजून, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्या माणसांना कोणी विचारले नव्हते, की तुम्ही कोण, कोठले? या खटल्यात सात जणांना जन्मठेप झाली ती फेब्रुवारी २०२४ मध्येच. ज्या दिवसांत दूरचित्रवाणी नटीच्या पुनरुत्थानावर हसत होती त्याच दिवसांत हा निकाल आला.

संत थोमाला आपण संशयी म्हणतो आणि त्याचे नाव थोडे हिणवूनच घेतो. पण त्याने मागितले काय? जखमा दाखवा. त्याने ऐकीव गोष्टीवर होकार दिला नाही, आणि हसून हातही झटकला नाही. तो आठ दिवस थांबला आणि जखमेपाशी आला. २००८ साली लोणावळ्यातून निघालेल्या बाईची जखम खरी होती, ती पाहण्यास संशयी लोक थांबले नाहीत. २०२४ साली जखम नव्हतीच, तेही पाहण्यास विश्वास ठेवणारे थांबले नाहीत. दोन्ही वेळी बाईपर्यंत कोणी गेलेच नाही.

जेडचे शेवटचे पुस्तक आम्ही त्या महाविद्यालयातील मुलीला वाचावयास दिले. तिचे इंग्रजी बरे आहे. पंधरवड्याने ती ते परत घेऊन आली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “हे तरी खरं आहे ना?” आम्हाला तिचा राग आला नाही. आम्ही तिला रुग्णालयाचे नाव सांगितले, मृत्यूची तारीख सांगितली, दफनविधी ज्या बकहर्स्ट हिलच्या संत योहानाच्या चर्चमध्ये झाला त्याचे नाव सांगितले, आणि तूच पडताळून पाहा म्हटले. तिने तेथेच बसून मोबाइलवर बराच वेळ शोधले. मग पुस्तक पुन्हा पिशवीत टाकले. मावशीला वाचून दाखवायचे आहे म्हणाली. जाताना दारातून वळून तिने विचारले, की सिस्टरांच्या दवाखान्यात बायकांच्या डॉक्टर कोणत्या वारी येतात.

मंगळवारी, आम्ही सांगितले.